डागडुजी सोसणारं घर

माळशिरस तालुक्यात नवं घर बांधून झालं की मालकाच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं, ‘आता तीस वर्षं बघायला नको.’ वास्तुशांतीच्या पंगतीतून उठलेले पाहुणेही हात धुता धुता मान डोलावतात. पैसा पाण्यासारखा गेलेला असतो, गवंड्याशी दोन-चार भांडणं झालेली असतात, वाळूपासून फरशीपर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी हेलपाटे घातलेले असतात. पुन्हा त्या वाटेला जायला नको, असं वाटणं साहजिकच आहे. तरी मला घराच्या पुढच्या सगळ्या दुखण्यांचं मूळ याच वाक्यात दिसतं. दरवर्षी थोडं थोडं मागणारं घर बहुधा टिकतं. तीस वर्षं काहीच न मागणारं घर एक दिवस सगळं एकदम मागतं, आणि तेही अशा वेळी, की मालकाने साठी ओलांडलेली असते, मुलं पुण्याला असतात आणि हातात रोकड नसते.

‘घर पाहावं बांधून’ असं आपण म्हणतो. घर पाहावं सांभाळून, असं कुणी म्हणत नाही.

घराचं टिकणं म्हणजे त्याची मजबुती, असा आपला सरळ हिशेब. पण वेळापूरचं अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन देऊळ सातशे वर्षांहून जास्त काळ उभं आहे, त्याच्याइतकं मजबूत घर तालुक्यात कुणी बांधलेलं नाही आणि कुणाला त्याची गरजही नाही. देवळात बाळंतपण होत नाही, वाटणी होत नाही, कुणाचे गुडघे दुखत नाहीत. घरात हे सगळं होतं. म्हणून घर नुसतं उभं राहून भागत नाही, त्याला दुरुस्ती आणि बदल दोन्ही सोसता आले पाहिजेत. आणि ती दुरुस्ती त्यात राहणाऱ्यांच्या आवाक्यातली हवी. आवाका म्हणजे पैसाच असं नाही, सवड, माहिती आणि हात हेही त्यात येतात.

हा तालुका या बाबतीत मोठा बोलका आहे, कारण इथे एका आयुष्यात घराच्या दोन जाती बघता येतात. उत्तरेला नीरा, पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे, पूर्वी सगळी ज्वारी-बाजरी. भाटघरचं धरण १९२८ साली पुरं झालं आणि पुढच्या दशकात नीरेच्या उजव्या कालव्याचं पाणी या रानात खेळायला लागलं. सासवडचे माळी शेतकरी इकडे आले, १९३२ साली त्यांनी सासवड माळी शुगर फॅक्टरी काढली आणि तिच्याभोवती माळीनगर वसलं. पुढे श्रीपूर, अकलूज, सदाशिवनगर असे कारखाने उभे राहिले. पिलीवच्या बाजूची गावं मात्र अजून नीरा-देवघरच्या पाण्याची वाट बघताहेत. उसाचा पैसा आला तशी माळवदं उतरली आणि स्लॅब चढले. ज्या गावात पाणी उशिरा पोचलं तिथे माळवदही उशिरा पडलं.

माळवदाचं घर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या नाहीतर पांढऱ्या मातीच्या भिंती. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर फळ्या किंवा चिपा, मग पाला-तुराट्यांचा थर आणि सगळ्यात वर माती. दुपारच्या उन्हाची धग या भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर घरातली माणसं अंगणात किंवा माळवदावरच पथारी टाकून झोपलेली असतात. बेचाळीस अंशांच्या वैशाखात हा हिशेब फार मोलाचा.

मला या घराचं खरं कौतुक वाटतं ते त्याच्या वार्षिक कामाचं. मृगाच्या आधी घरातला एखादा कर्ता माणूस वर चढायचा. गवत रुजलं असेल तर ते मुळासकट उपटायचा, कारण मूळ ज्या वाटेनं खाली जातं त्याच वाटेनं पाणी जातं. उंदराची बिळं बुजवायची. गावच्या जुन्या पांढरीतली खारी माती पाट्यांनी वर न्यायची, पसरायची, पन्हळाकडे ढाळ राखून चोपायची. ही माती भिजली की गच्च बसते आणि तिच्यात सहसा गवत धरत नाही. एवढं करूनही भर पावसात एखादा ठिपका गळालाच, तर खालून जागा हेरायची, डोक्यावर पोतं घेऊन वर जायचं, तिथे ओंजळभर माती टाकायची आणि टाचेनं दाबायची. झाली दुरुस्ती. भिंतींचं काम बायकांकडे. घटस्थापनेच्या आधी घर पोतारायचं, जमीन सारवायची. पोतारताना भिंतीवर सगळीकडे हात फिरतो. कुठे पोकळ वाजतं, कुठे ओल चढली, कुठे वाळवी लागली, हे त्या हाताला आधी कळतं. वर्षातून एकदा आपल्या घराच्या प्रत्येक वितीवरून हात फिरवणारा मालक आज तालुक्यात किती निघतील?

आफ्रिकेतल्या माली देशात जेने गावची मातीची मशीद आहे. आजची इमारत १९०७ सालची. तिला दरवर्षी सगळं गाव मिळून मातीचा लेप देतं, तो दिवस गावाचा सण असतो. तिच्या भिंतींतून लाकडाचे ओंडके बाहेर आलेले दिसतात. लांबून ते शोभेचे वाटतात. लेप देणारी माणसं त्यांच्यावरच पाय देऊन वर चढतात. बांधणाऱ्यांनी दुरुस्तीची शिडी भिंतीतच बसवून ठेवली आहे. आपल्या बंगल्यांवर गच्चीतल्या टाकीपर्यंत जायला धड शिडी नसते, तेव्हा मला हे ओंडके आठवतात.

मग माळवद का गेलं? ते कच्चं होतं म्हणून गेलं, हे उत्तर अर्धवट आहे. माझ्या मते ते शेतीच्या पंचांगामुळे गेलं. ज्वारी-बाजरीच्या वर्षात चैत्र-वैशाख मोकळा असायचा. खळी आटोपली, पेरणीला अवकाश, हात रिकामे, बैल रिकामे. घराची डागडुजी त्या मोकळ्या महिन्यांत बसायची. उसाच्या वर्षाला मोकळा महिनाच नाही. सुरू ऊस वर्षभर, आडसाली तर दीड वर्ष रानात. उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या सांभाळायच्या, खोडवा बघायचा, नाहीतर कारखान्यात पाळीवर जायचं. माळवदावर चढायला माणूस उरला नाही. सवड गेली, मग माहिती गेली. दोन-तीन पावसाळे कुणी वर चढलं नाही की तुळई कुजते, आणि मग ‘माळवद काय कामाचं नाही’ असा निकाल लागतो. घर तेच असतं, त्यात राहणाऱ्यांचं वर्ष बदललेलं असतं.

यावर कुणी किल्लारीच्या भूकंपाची आठवण देईल, आणि द्यायलाच हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतर, लातूर-उस्मानाबादकडे हजारो माणसं झोपेत गेली ती बहुतांशी अशाच घरांखाली. ते धक्के इकडे आमच्या सोलापूर जिल्ह्यातही जाणवले होते आणि त्यानंतर माळवदाखाली झोपायला कुणाचा जीव होईना. पण त्या घरांनी जीव का घेतले हे नीट पाहिलं तर डागडुजीचीच दुसरी बाजू दिसते. भिंती जाड, पण बाहेरचा आणि आतला असे दगडांचे दोन पदर, मध्ये माती-कपच्या. दोन्ही पदर एकत्र बांधणारा आरपार दगड कुठेच नाही. आणि डोक्यावर दरवर्षी नवी माती. जुनी खरवडून काढल्याशिवाय नवी टाकत गेल्यामुळे कितीतरी माळवदांवर मातीचा थर फूट-दोन फुटांचा झाला होता. म्हणजे ज्या कामानं घर वाचवायचं त्याच कामानं त्याचा भार वाढवत नेला होता. नुसती भर घालणारी डागडुजी घातक असते. काढणं हाही तिचा भाग आहे. भूकंपानंतर तज्ज्ञांनी उभ्या घरांसाठी सांगितलेले उपाय पाहा: छतावरची जादा माती काढा, भिंतीत आरपार दगड नाहीतर काँक्रीटचे सांधे घाला, खांब-तुळईच्या जोडाला तिरके आधार द्या. तिन्ही कामं गावच्या गवंडी-सुताराच्या हातची. लोकांना मात्र तोवर स्लॅबच हवा होता. ज्यांची घरं गेली त्यांना दोष देण्याइतका मी शहाणा नाही, त्यांची भीती खरीच होती. पण भीतीच्या भरात आपण सबंध तालुकेच्या तालुके असे बांधून काढले, की आता प्रश्न नेमका उलटा झाला.

सिमेंटचं घर वाईट नाही. ते गप्प असतं, एवढीच त्याची खोड. माळवद गळतं तेव्हा त्याच दिवशी कळतं. स्लॅबमध्ये पाणी मुरतं ते वर्षानुवर्षं मुकाट मुरतं. आत सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून फुगलेली सळई खालचं काँक्रीट ढकलते. आधी छताला केसाएवढी रेघ, मग रंगाचा पोपडा, मग तांबूस डाग, आणि एके दुपारी जेवायच्या ताटाशेजारी सिमेंटचा ढलपा. तोवर आत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

या गंजाची सुरुवात बहुतेक वेळा बांधण्याच्या दिवसांतच झालेली असते. आपल्याकडे स्लॅब पडतो उन्हाळ्यात, म्हणजे पाणी सगळ्यात कमी असताना. कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट किमान दहा दिवस सतत ओलं ठेवावं असं भारतीय मानक ४५६ सांगतं. प्रत्यक्षात चौथ्या-पाचव्या दिवशी बोअर दम टाकतो, टँकर महाग पडतो, आणि पाणी मारणाऱ्या पोराला दुसरीकडे काम लागतं. सळईखाली वीसेक मिलिमीटरचं काँक्रीटचं पांघरूण हवं, तिथे सेंट्रिंगवर सळई टेकलेलीच राहते. हे सगळं गिलाव्याखाली झाकून जातं आणि वास्तुशांतीला छत गुळगुळीत दिसतं.

आणखी एक दृश्य. अकलूजपासून नातेपुत्यापर्यंत कुठल्याही रस्त्याने जा, घरांच्या गच्चीवर कॉलमच्या टोकातून सळयांचे जुडगे आकाशाकडे निघालेले दिसतात. पुढच्या मजल्यासाठी ठेवलेले. तो मजला कधी वीस वर्षांनी येतो, कधी येतच नाही. मला या जुडग्यांचं वाईट वाटतं, कारण सगळ्या बांधकामात पुढचा विचार केलेला असतो तो तेवढ्याच जागी. मालकाला ठाऊक असतं की कुटुंब बदलणार. फक्त ते वरच्या दिशेनेच बदलेल असं त्याने धरलेलं असतं. आणि ज्या सळया भविष्यासाठी ठेवल्या, त्यांच्यावाटेच गंज कॉलममध्ये खाली उतरतो. पातळ कालवलेल्या सिमेंटचा हात फिरवून त्यावर हलक्या काँक्रीटची टोपी घातली तर हे टळतं. खर्च काही शेकड्यांचा. पण ‘बघायला नको’ म्हटल्यावर तिकडे बघणार कोण?

नळ आणि वायरिंग यांचंही तेच. स्ट्युअर्ट ब्रँड या अमेरिकन लेखकाने ‘हाऊ बिल्डिंग्ज लर्न’ या १९९४ सालच्या पुस्तकात एक साधी गोष्ट मांडली आहे. इमारतीचे भाग वेगवेगळ्या वेगाने म्हातारे होतात. सांगाडा पिढ्यान् पिढ्या चालतो, पण नळ-तारा सात ते पंधरा वर्षांत बदलाव्या लागतात. तेव्हा लवकर बदलणारं दीर्घकाळ टिकणाऱ्याच्या पोटात गाडू नये. आपण नेमकं तेच करतो. पाइप भिंतीच्या आत, भिंतीवर महागडी टाइल. एक एल्बो फुटला की टाइल फोडायची, आणि त्या डिझाइनची टाइल आता दुकानात मिळत नाही. न्हाणीघरात एका बाजूने उघडा पाइप दिसला तर पाहुणे काय म्हणतील, याची आपल्याला भलती चिंता. पाहुणे एकदा येतात, गळती रोज राहते.

जमिनीचं थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण तिथे दुरुस्तीला वाव सगळ्यात कमी. जुनी गावठाणं पांढरीवर होती आणि काळी रानासाठी राखलेली. आता वाट्याला आलेल्या उसाच्या रानातच बंगला बांधायचा रिवाज आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचं घर तिच्याबरोबर वर्षातून एकदा हलतं. दाराच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघाली की आपण लांबी भरतो, रंग देतो, पुढच्या वैशाखात ती पुन्हा तिथेच. मुरूम लागेपर्यंत पाया नेणं, काळी काढून मुरूम भरणं, घराच्या कडेला पाणी साचू न देणं, हे पहिल्या दिवशीच करायचं काम आहे. सगळं पुढे दुरुस्त करता येतं, पाया मात्र येत नाही. इथे मी ‘दरवर्षी थोडं’ हा माझा सिद्धांत खुशाल बाजूला ठेवतो. पायात पैसा घाला, एलिव्हेशनमध्ये कमी घाला.

आता घरातली माणसं. भिंतीसारखीच तीही बदलतात, आणि त्या बदलाची डागडुजीही घरालाच करावी लागते. आषाढात ज्ञानोबांची पालखी नातेपुते, माळशिरस आणि वेळापूर इथे मुक्काम करते, पुरंदवड्याला आणि खुडूसला रिंगण होतं, तुकोबांची पालखी अकलूजला येते. त्या रात्री वाटेवरच्या घरांत नेहमीचे वारकरी उतरतात. आजोबांच्या काळापासून एकाच दिंडीची माणसं एकाच घरी येताहेत, अशी नाती इथे कितीतरी. पाच माणसांचं घर एका रात्रीपुरतं पन्नासांचं व्हावं लागतं. जुन्या सोप्याला आणि ओसरीला हे जमायचं, कारण त्या जागेला ठरलेलं एक काम नव्हतं. ओसरीवर धान्य वाळायचं, शेळी व्यायची, पोरं अभ्यास करायची, पाहुणा निजायचा, शेवटी म्हातारा माणूसही तिथेच पडून असायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत. नव्या आराखड्यात प्रत्येक खोलीच्या कपाळावर तिचं काम लिहिलेलं असतं, मास्टर बेडरूम, किड्स रूम, डायनिंग. कामाला नाव पडलं की बदलाला जागा उरत नाही. मग वारकरी पार्किंगमध्ये पंगत धरतात. घरकुलवाल्यांचं मला म्हणून कौतुक वाटतं. प्रधानमंत्री आवास योजनेचं पंचवीस चौरस मीटरचं घर मिळालं की वर्षभरात ते पुढे पत्र्याची पडवी काढतात, आणि संसार निम्मा त्या पडवीतच चालतो. आर्किटेक्टला न सुचलेली ओसरी त्यांनी स्वतः जोडलेली असते.

म्हातारपणाचं गणित तर सगळेच चुकतात. पंचेचाळिशीत बांधलेल्या घरात झोपायच्या खोल्या वर, संडासाला चढायची पायरी, जिना अरुंद. पंचवीस वर्षांनी त्याच मालकाची कॉट हॉलमध्ये टीव्हीखाली येते आणि संडासापर्यंत जायला त्याला दोन माणसं लागतात. तळमजल्यावर एक खोली, तिला लागून संडास, दार व्हीलचेअर जाईल एवढं रुंद. बांधताना याचा वेगळा खर्च जवळजवळ शून्य, नंतर फोडून करायचं तर लाखाच्या घरात.

आणि वाटणी. हा शब्द वास्तुशांतीच्या दिवशी कुणी काढत नाही, पण तालुक्यातल्या जुन्या वाड्यांचं आयुष्य मोजायचं तर तेच माप आहे. चौसोपी वाडा दोघा-तिघा भावांत वाटला जाऊ शकायचा, कारण प्रत्येक सोप्याला चौकातून स्वतंत्र दार होतं. मध्ये भिंत घातली, मन दुखलं, पण चूल तिथेच पेटत राहिली. आताचं डुप्लेक्स वाटता येत नाही, विकावंच लागतं. त्यात कायदाही बदलला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २३ नुसार, घरातले पुरुष वारस वेगळे होईपर्यंत मुलीला राहत्या घराची वाटणी मागता येत नव्हती. २००५ च्या दुरुस्तीने ते कलम गेलं आणि मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार झाली. हे चांगलंच झालं. पण चौघांच्या हक्काचं घर एकाच दाराचं बांधायचं आणि पुढे कोर्टात भांडायचं, यात कसलं शहाणपण? दुसरा जिना बाहेरून काढता येईल, दुसरी चूल मांडता येईल, नळाची दुसरी लाइन ओढता येईल, एवढी सोय नकाशात आधीच ठेवली तर घर भांडणातूनही वाचतं.

ज्यांचं घर उभं आहे त्यांनी या वैशाखात गच्चीवर चढावं. पन्हळं आणि पाइपांची तोंडं मोकळी करावीत, कठड्याच्या कडेला रुजलेलं पिंपळाचं रोप बोटाएवढं आहे तोवर उपटावं, छतावरची रेघ पेन्सिलीने खूण करून ठेवावी आणि पुढच्या वर्षी ती खुणेपुढे गेली का ते बघावं. भिंतीत पाइप कुठून गेलेत याचे फोटो फोनमध्ये असतील तर ते छापून घराच्या कागदपत्रांत ठेवावेत, फोन घराइतके टिकत नाहीत. आणि जे आता बांधायला निघालेत, त्यांनी चौरस फुटाचा दर ठरवण्याआधी गवंड्याला प्रत्येक गोष्टीबद्दल एवढं विचारून घ्यावं: हे बिघडलं तर काय फोडावं लागेल, आणि दुरुस्त करायला गावातलं कोण येईल?